काडी मोडल्याची नोंद

सोयगाव तालुक्यातली सगळ्यात गाजलेली जोडी लग्न न झालेली आहे. मेजर रॉबर्ट गिल आणि पारो. अजिंठ्याच्या लेण्यांमधली चित्रं कॅनव्हासवर उतरवायला कंपनी सरकारनं १८४४ साली गिलची नेमणूक केली. तो इथं आला आणि उरलेलं बहुतेक आयुष्य इथंच राहिला. पारो इथल्याच डोंगरातली. ती २३ मे १८५६ रोजी वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि ती आपली लाडकी असल्याचं गिलनं त्यावर कोरून ठेवलं आहे. याच तालुक्यातल्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२मध्ये त्यावर सिनेमा आला. लेणी बघायला येणारी कॉलेजातली पोरं आज पारोच्या गोष्टीचे रील बनवतात.

गोष्टीत सहसा न येणारी बाब अशी, की गिलचं आधी लग्न झालेलं होतं, मुलंबाळं होती. बायकोपासून मोकळं व्हायचं म्हटलं तरी त्याला ते जमणारं नव्हतं. १८५७चा कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल तर त्या एका जोडप्यापुरता पार्लमेंटात वेगळा कायदा मंजूर करून घ्यावा लागे. तेवढा पैसा लॉर्ड लोकांकडे असायचा. म्हणजे जगावर राज्य करणाऱ्या साहेबाला बायको सोडता येत नव्हती आणि त्याच वेळी त्याच डोंगराखालच्या गावातली कुणब्याची, माळ्याची, महाराची बाई पंचांसमोर काडी मोडून मोकळी होऊ शकत होती. दुसरं घरही करू शकत होती. त्यासाठी कुणी तिच्यावर काव्य लिहीत नव्हतं, कारण त्यात विशेष काही नव्हतं.

ही काडी आपण कुठं हरवली, याची ही हकीकत.

* 

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो. जगातल्या देशांची यादी असते, समोर घटस्फोटाचे टक्के, आणि तळाला भारत: एक टक्का. खाली हात जोडलेला इमोजी आणि आपल्या संस्कारांचा जयजयकार. थोड्या दिवसांनी त्याचा जुळा भाऊ येतो, त्यात ‘त्यांच्यात’ तलाक किती होतात ते असतं.

दोन्हींच्या मागे जनगणनेचे आकडे असतात, म्हणून आधी तेच बघू. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १३.६ लाख लोकांनी स्वतःला घटस्फोटित सांगितलं. आधीच्या जनगणनांमध्ये ‘घटस्फोटित’ आणि ‘विभक्त’ एकाच रकान्यात असत. २०११ला पहिल्यांदा ते वेगळे मोजले, आणि विभक्त निघाले जवळजवळ ३५ लाख. कागदावर मोडलेल्या एका माणसामागे कागदाशिवाय मोडलेली अडीच माणसं. शहर आणि खेडं यांत फारसा फरक नाही, म्हणजे ‘हे सगळं पुण्या-मुंबईचं फॅड’ हेही खरं नाही.

आता स्त्रियांपुरतं बघा. घटस्फोटित स्त्रियांमध्ये सुमारे ६८ टक्के हिंदू आणि २३ टक्के मुस्लीम होत्या. मुस्लिमांची लोकसंख्या १४ टक्के, म्हणजे प्रमाण जास्त. जुळ्या भावाला एवढंच पुरतं. पण शेजारचा रकाना उघडला की चित्र फिरतं. विभक्त स्त्रिया होत्या सुमारे २३ लाख. त्यात २० लाखांच्या आसपास हिंदू आणि २.८ लाख मुस्लीम. हिंदूंमध्ये एका घटस्फोटित बाईमागे तिघीजणी नुसत्याच सोडलेल्या. मुस्लिमांमध्ये हे दोन आकडे जवळजवळ येतात. एकीकडे मोडलेल्या लग्नाला नाव मिळतं, दुसरीकडे ते नाव न घेता पडून राहतं. या आकड्यांवरून कुणाचे संसार जास्त टिकतात हे ठरवणं म्हणजे मुख्यतः कोण कागद करतं आणि कोण करत नाही, याची तुलना.

शिवाय विभक्त बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. दर विभक्त बाईमागे एक विभक्त पुरुष असायला हवा ना? तो गेला कुठं? त्यानं दुसरी केली, आणि प्रगणक दाराशी आला तेव्हा ‘विवाहित’ सांगितलं.

आपल्याकडं या सगळ्यासाठी एकच शब्द आहे. मुलगी दिली त्या घरी कशी आहे, हे विचारताना लोक ‘सुखी आहे का’ विचारत नाहीत. ‘नांदते का?’ विचारतात. उत्तरं तीन. ‘नांदते.’ ‘सध्या माहेरी आहे.’ आणि हळू आवाजात, ‘नाही नांदत.’ या तिसऱ्या उत्तरात तिला हाकललं, ती निघून आली, त्यानं दुसरी आणली, केस चालू आहे, केस करायला पैसे नाहीत, हे सगळं बसतं.

*

लग्न मोडण्याचे आपल्याकडचे शब्द नीट ऐकले तर त्यांतच इतिहास आहे. काडीमोड: पंचांसमोर गवताची काडी हातात घेऊन मोडायची. जोडलेलं तुटलं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, झालं. सोडचिठ्ठी: हीच गोष्ट लिहून दिलेली. फारकत: अरबी-फारसीतून आलेला व्यापारी शब्द, देणंघेणं चुकतं झाल्याची पावती. सावकाराची फारकत आणि नवऱ्याची फारकत एकाच शब्दानं व्हायची, आणि मला यात अपमान वाटत नाही. हिशेब मिटला, पुढं चला, एवढाच त्याचा सूर आहे.

आणि घटस्फोट? आज वर्तमानपत्रापासून कोर्टापर्यंत चालणारा हा सभ्य शब्द मुळात लग्नाचा नाहीच. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतित माणसाला जातीतून कायमचं काढण्याचा विधी. जिवंत माणसाच्या नावानं पाण्याचा घडा फोडायचा आणि तो मेला असं समजायचं. लग्न सुटण्याची चाल ज्यांच्यात नव्हती त्या वर्गानं ती नव्यानं स्वीकारताना हाताशी असलेला सगळ्यात भीषण शब्द उचलला. काडीऐवजी मडकं आलं. बोलणाऱ्याच्या कानाला त्यातलं सुतक ऐकू येत नाही, पण घटस्फोटित मुलीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर घरात कुजबुज होते तेव्हा ते असतंच.

काडीमोड किती सर्रास होती हे साहेबांनीच लिहून ठेवलंय. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज काय आहेत, हे आर्थर स्टील यानं जातोजातीच्या लोकांना विचारून १८२७मध्ये छापलं. ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागणाऱ्या थोड्या जाती सोडल्या तर बहुतेकांत विधवेचा आणि सोडलेल्या बाईचा ‘पाट’ लागतो, असं त्यातून दिसतं. पाट किंवा मोहतूर हे दुसरं लग्न. ते पहिल्यासारखं वाजतगाजत नसे. रात्री, थोडक्या माणसांत, सवाष्णींची नजर चुकवून लागे. त्यात कमीपणा होताच. पण पाटाची बायको ती बायकोच, तिची मुलं वारसदार मुलंच. मराठेशाहीत सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर घेई. ज्या गोष्टीवर सरकार कर लावतं ती चोरून होत नसते.

आपला मुलूख निजामाचा. इकडच्या जातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचं जाडजूड पुस्तक १९२०मध्ये निघालं. त्यात जात घ्यायची, तिच्या पोटजाती सांगायच्या, लग्नाची रीत सांगायची आणि मग विधवेचं लग्न चालतं का, काडीमोड चालते का, हे नोंदवायचं, असा क्रम आहे. सध्या हैदराबाद गॅझेट हा शब्द मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत झालाय. २०२५च्या सप्टेंबरातल्या शासन निर्णयानंतर प्रत्येक जण जुन्या कागदांत आपल्या जातीचं नाव शोधतोय. शोधावंच, हक्काचा प्रश्न आहे. फक्त आजोबांची कुणबी नोंद हवी असणाऱ्या घरात कुणबी आजीच्या पाटाची गोष्ट काढून बघा. ‘आमच्यात तसलं चालत नाही.’ चालत होतं.

हे सगळं सुंदर होतं असं मी म्हणत नाही. पंच सगळे पुरुष. पाट लावणाऱ्या नव्या नवऱ्यानं जुन्याचा लग्नखर्च भरून द्यायचा, म्हणजे बाईची किंमत एका पुरुषाकडून दुसऱ्याकडं. मुलं बापाकडं राहायची. पंच दंड करायचे, वाळीत टाकायचे. ते इतकं टिकलं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण दार होतं. अरुंद, वाकून जायचं, तरी होतं. ते पुढं दोन बाजूंनी बंद झालं.

*

एक बाजू कोर्टाची. सोयगावातून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात पाचोरा, जामनेर, म्हणजे खानदेश. तो १८१८पासून इंग्रजांकडं, मुंबई इलाख्यात. बोली एक, देणंघेणं एक, सोयरिकी इकडून तिकडं. पण कायदे दोन. तिकडच्या कोर्टात धर्मशास्त्राची पोथी हाच हिंदूंचा खरा कायदा धरला जाई, आणि पोथी ब्राह्मणांची. रूढी मानली जाई, पण न्यायाधीशाला ती ‘नीती’च्या विरुद्ध वाटली नाही तर. १८७६मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगून टाकलं, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसरं लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. पंचांनी ज्या बाईला मोकळं केलं, ती आता फौजदारी कायद्यानं दोन नवरे करणारी गुन्हेगार ठरू शकत होती.

सुधारणेच्या कायद्यानंही असाच उलटा डाव टाकला. पारो गेली त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, विधवाविवाहाचा कायदा आला. ज्यांच्यात विधवेचं लग्न होत नव्हतं त्यांच्यासाठी तो दार उघडणारा होता. पण त्यात एक कलम होतं: पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. ज्या जातींत पाट पूर्वापार होता, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या विधवांनाही मुंबई हायकोर्टानं पुढं हेच कलम लावलं.

आणि मग रखमाबाई. तिची गोष्ट शाळेत पहिली प्रॅक्टिस करणारी डॉक्टर म्हणून सांगतात, पण ती आधी न नांदणारी बायको म्हणून देशभर गाजली. अकराव्या वर्षी लग्न, सासरी गेलीच नाही. नवरा दादाजी भिकाजी १८८४मध्ये कोर्टात गेला: बायको नांदायला पाठवा. पहिल्या न्यायाधीशानं दावा फेटाळला, अपिलात तो फिरला, आणि १८८७मध्ये हुकूम झाला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाली, कैद चालेल. ‘नांदायला लावण्याचा’ हा दावा हिंदू शास्त्रातला नव्हताच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आला होता; आणि न जाणाऱ्याला तुरुंगात घालणं खुद्द इंग्लंडनं १८८४मध्ये बंद केलं होतं. तरी टिळकांच्या ‘केसरी’नं धर्म बुडाल्याची हाकाटी केली. शेवटी १८८८मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला.

मला यात खटकतं ते वेगळंच. रखमाबाई सुतार समाजातली. तिच्या आईनं, जयंतीबाईनं, विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी रीतसर दुसरं लग्न केलं होतं, कारण त्यांच्यात ते चालत होतं. आईला जातीच्या चालीनं दुसरं आयुष्य मिळालं. इंग्रजी शिकलेल्या लेकीला सर्वांत आधुनिक कोर्टात पहिलंही सोडता आलं नाही. तिनं नंतर लग्न केलंच नाही.

दार बंद करणारी दुसरी बाजू आपली स्वतःची. घराण्यानं वर चढायचं ठरवलं की पहिली गोष्ट सोडायची ती पाट. ‘आमच्यात पाट लागत नाही’ हे वाक्य म्हणजे कुळीचा दाखला. सोयगावच्या शेजारच्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे या मराठा घरातल्या बाईनं १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना झोडपलं, त्यातला एक संताप हाच होता: ब्राह्मणांचं बघून बाकीच्यांनीही विधवांना कोंडायला घेतलं. शिक्षण, जमीन, नोकरी यांत बरोबरी करायला पिढ्या लागतात. बायकोला-लेकीला कोंडून मिळणारी बरोबरी मात्र फुकट आणि लगेच मिळते.

*

१९४६मध्ये मुंबई प्रांतानं हिंदूंना दुसरी बायको करणं गुन्हा ठरवलं, १९४७मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. पाचोऱ्याच्या बाईला आता टाकून दिल्याच्या कारणावरून कोर्टात जाता येऊ लागलं. सोयगाव तेव्हा हैदराबाद संस्थानात. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, संस्थान संपलं, तरी हे कायदे डोंगराच्या या बाजूला आले नाहीत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं जे प्रांतिक कायदे मोडीत काढले त्यांत मुंबई, मद्रास, सौराष्ट्र आहेत; हैदराबाद नाही. गोव्यात तर पोर्तुगिजांनी १९१०पासूनच घटस्फोट आणला होता आणि पारशांचा १८६५पासून स्वतःचा कायदा होता, पंचांसारखेच त्यांचे प्रतिनिधी कोर्टात बसवणारा. ‘भारतात घटस्फोट कधी आला’ या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या धर्मावर, जातीवर आणि तो डोंगराच्या कुठल्या बाजूला राहतो यावर होतं.

हिंदू कोड बिलावर १९४९मध्ये दिल्लीत रणकंदन चाललं होतं तेव्हा कुटुंबव्यवस्था मोडेल म्हणून ओरडणाऱ्यांना बाबासाहेबांनी हाच हिशेब ऐकवला. शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या जातींत घटस्फोटाची चाल आहेच, आणि हिंदूंमध्ये ते नव्वद टक्के आहेत. मग दहा टक्क्यांची रीत सगळ्यांवर लादायची का? संसदेतल्या सभ्य लोकांना आपण अल्पसंख्य आहोत हे कुणीतरी आकड्यानं सांगितलं होतं. बिल रखडलं, १९५१मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढं १९५५च्या कायद्यात घटस्फोट आला, आणि कलम २९मध्ये एक ओळ राहिली: रूढीनं मिळणारा काडीमोडीचा हक्क शाबूत आहे. अनुसूचित जमातींना तर तो कायदा मुळात लागूच नाही. अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लाचं लग्न आणि मोडणं अजून त्याच्या रिवाजानं. तडवी भिल्ल धर्मानं मुस्लीम आणि सरकारी यादीत जमात. तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात जमातींच्या यादीत नाही, म्हणून त्याला हिंदू विवाह कायदा, भले भांडण नायकापुढं मिटो.

शाबूत राहिलेला तो हक्क व्यवहारात कसा दिसतो, तर शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टॅम्प पेपरसारखा. दोन्हीकडची माणसं बसतात, दागिने-भांडी परत होतात, फारकतनामा लिहून नोटरीचा शिक्का बसतो. दोघंही समजतात की सुटलो. कोर्टात मात्र आमच्या जातीत ही चाल जुनी आणि अखंड आहे, हे साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टानं २००२मध्ये ते पुन्हा बजावलं. तीन पिढ्या ‘आमच्यात तसलं नाही’ म्हणणाऱ्या घरानं ‘आमच्यात हे पूर्वापार आहे’ असं कोर्टात शपथेवर कसं सांगायचं? नाही सिद्ध झालं की पहिलं लग्न उभंच, आणि फारकतीनंतर दुसऱ्या घरी गेलेली बाई अचानक कुणाचीच बायको नाही. दुसरी बायको ‘बायको’ नसल्यानं तिला पोटगी नाही, असं सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या खटल्यात १९८८मध्ये सांगितलं. पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला याचा फायदा घेता येणार नाही, एवढी दुरुस्ती व्हायला २०१३ उजाडलं.

*

इथं पारो परत आठवते. कारण ‘लिव्ह-इन’ ही पाश्चात्य गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी आपल्या भाषेतले शब्द मोजावेत. राख, ठेवलेली, घरात बसवलेली. त्यांच्या पोरांना लेकावळे. जातीबाहेरच्या संबंधातून झालेल्याला अक्करमाशी, म्हणजे बारा माशांचा पुरा तोळा नाही, अकराच मासे भरलेला. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४मध्ये हीच शिवी आत्मकथनाचं नाव केली. यातला एकही शब्द पुरुषासाठी नाही.

जुन्या हिंदू कायद्यात मात्र या बाईला जागा होती. एका पुरुषाबरोबर उघडपणे, निष्ठेनं, कायम राहिलेली ती ‘अवरुद्ध स्त्री’. तो मेल्यावर त्याच्या मालमत्तेतून तिला पोटगी मिळे. शूद्रांत अशा संबंधातल्या मुलाला वारसाही मिळे. १९५५-५६च्या कायद्यांनी एकपत्नीत्व आणलं, ते हवंच होतं, पण जाताजाता ही जागा पुसली. आणि मग १९६५ साली सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रातला एक खटला आला. एका नवऱ्यानं बायको असताना गांधर्व पद्धतीनं दुसरी केली. कोर्ट म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, म्हणजे हे लग्नच झालं नाही. लग्न नाही तर दोन लग्नांचा गुन्हाही नाही. पुरुष सुटला. दुसरी त्या दिवसापासून कोण? बायको नाही, अवरुद्ध स्त्रीही नाही. विधी अर्धवट ठेवला तर शिक्षा नाही, हे ज्याला कळायचं त्याला बरोबर कळलं.

ही जागा परत मिळायला अर्धशतक गेलं. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात ‘विवाहासारखं नातं’ हे शब्द आले. २००८च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं अशा बाईलाही पोटगी मिळावी असा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा टीव्हीवर ‘लिव्ह-इनला मान्यता’ म्हणून केवढा गहजब झाला. चर्चेत डोळ्यांपुढं होती ती पुण्यातल्या फ्लॅटमधली आयटीवाली जोडी. कायद्याला हवी होती ती गावातली ‘बसवलेली’. उत्तराखंडात २०२५पासून अशा जोडप्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते. जनगणनेला मात्र ती कधीच दिसली नाहीत. रीतीनं किंवा नुसतं कायम एकत्र राहणाऱ्यांनाही ‘विवाहित’ धरायचं, असंच प्रगणकांना सांगितलेलं असे. लग्नाच्या जेवणावळीचा खर्च झेपत नाही म्हणून आधी संसार, मुलं आणि मग कधीतरी लग्न, असं करणारी वारली जोडपी या ‘विवाहित’ आकड्यात शांतपणे बसलेली आहेत.

*

मुस्लिमांकडं काडीमोडीसाठी जातपंचायत नको, निकाह करारच आहे. तो मोडण्याच्या रीती आधीपासून लिहिलेल्या: तलाक नवऱ्याचा, खुला बायकोच्या मागणीवरून, मुबारात दोघांच्या संमतीनं. अडचण होती ती एकतर्फीपणाची. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाई यांनी सात मुस्लीम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. सातच, पण तोंडी तलाकविरुद्ध रस्त्यावर आलेल्या त्या पहिल्या. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडली आणि आपल्यालाच माहीत नाही. २००२च्या मे महिन्यात मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं निकाल दिला, की पोटगीच्या केसमध्ये ‘मी हिला तलाक दिलाय’ एवढं लिहून देणं पुरेसं नाही. तलाकला कारण हवं, आधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि हे सगळं सिद्ध करायला हवं. सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी ऑक्टोबरात हीच दिशा धरली. एका दमात तीनदा तलाक देणं घटनाबाह्य ठरलं ते २२ ऑगस्ट २०१७ला. दोन वर्षांनी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. तेव्हाच काही स्त्री संघटनांनी भीती घातली होती: आता तो तलाक देणार नाही, नुसता टाकून देईल. म्हणजे मुस्लीम बाईही दुसऱ्या रकान्यात, हिंदू बाईच्या शेजारी. २०११नंतरची जनगणना लांबत गेल्यानं ही भीती किती खरी ठरली, हे आकड्यांत बघायला मिळालेलं नाही.

ख्रिस्ती बाईचं त्याहून अवघड होतं. १८६९च्या कायद्यानं नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला व्यभिचार आणि वर छळ किंवा त्याग, दोन्ही. मुंबई हायकोर्टानं १९९७मध्ये हे तोडलं, संसदेनं २००१मध्ये कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षं.

*

टाकलेल्या बाईला सभ्य नाव मिळालं ते चळवळीतून: परित्यक्ता. १९८०च्या दशकात सांगली-साताऱ्याकडं इंदुताई पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं आणि संगमनेरला अॅड. निशा शिऊरकर यांच्या समता आंदोलनानं या बायकांना एकत्र केलं. त्यांच्या मागण्या फार साध्या होत्या. स्वतंत्र रेशनकार्ड. राहायला जागा. पोटगी वेळेवर. नवऱ्याच्या कार्डावर नाव, माहेरच्या कार्डावर नाही, आणि नवरा दारात उभं करत नाही, अशा बाईनं साखर कुठून आणायची, इतका रोजचा प्रश्न.

त्या शब्दाची सरकारदरबारी किंमत आता महिन्याला १५०० रुपये आहे. २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा पात्र महिलांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी क्रमवारी होती. चळवळीनं मागितलेला रकाना शेवटी शासन निर्णयात छापून आला. अर्ज भरले, हप्ते सुरू झाले.

मग २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. बाईचा आधार क्रमांक, त्यावर ओटीपी. नंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यावर ओटीपी. ओरड झाल्यावर सवलत मिळाली: नवरा-वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला जोडा, घटस्फोट झाला असेल तर प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश जोडा.

विधवेकडं दाखला आहे. घटस्फोटितेकडं हुकूमनामा आहे. वडील हयात असले तर परित्यक्तेचंही भागतं. वडील वारलेले असतील तर त्यांचा दाखला काढायला ग्रामपंचायतीत हेलपाटे घालायचे. आणि हे काहीच नसेल तर सोयगावहून शंभरेक किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी वकील गाठून, लग्न मोडल्याचा कागद आता काढायला घ्यायचा. नाहीतर दहा वर्षांपूर्वी हाकलून दिलेल्या, दुसरी करून तिच्याबरोबर नांदणाऱ्या माणसाला फोन लावायचा आणि म्हणायचं, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.